बंद दाराचे मतदार

रायगडातल्या पेण आणि रोहा तालुक्यांत भाऊबीज झाली की कातकरी आदिवासींच्या वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. भट्टीवाल्याचा ट्रक येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं त्यात चढतं, आणि कुडाच्या दाराला तारेचा आकडा लावून माणसं निघून जातात. कुणी पनवेल-कर्जतच्या वीटभट्ट्यांवर, कुणी भिवंडी-कल्याणकडे, कुणी कोळसा पाडायला थेट कर्नाटकात. शिमग्याला चार दिवस येतात आणि परत जातात. कायमची घरी येतात ती मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर.

आता मतदार यादीचं सरकारी वेळापत्रक बघा. १ जानेवारी हा अर्हता दिनांक, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण हवीत ती तारीख, धरून प्रारूप यादी साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागते, मग दावे-हरकती होतात आणि जानेवारीत अंतिम यादी निघते. म्हणजे यादी तपासणारा माणूस ज्या दिवसांत वाडीवर येतो, नेमके त्याच दिवसांत वाडीवर कुणी नसतं. तो दोनदा येतो, दार बंद दिसतं, शेजारचंही बंद असतं. नावापुढे तो ‘स्थलांतरित’ लिहितो. त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. जूनमध्ये घरची माणसं परत येतात तेव्हा यादीतून त्यांचं नाव उडालेलं असतं, आणि त्यांना ते कळतं थेट पुढच्या निवडणुकीच्या दिवशी, केंद्राबाहेरच्या टेबलावर.

या भागात मी मतदार नोंदणीचं काम करते आणि त्या कामाचं मूळ दुखणं हेच आहे. बाहेरून आलेल्यांना वाटतं, आदिवासींना मताचं महत्त्व पटवून द्यावं लागत असेल. तसं क्वचितच करावं लागतं. ज्या बाईचं नाव गेलं, तिला त्याचं महत्त्व पक्कं ठाऊक असतं. केंद्रावरून परत पाठवलेली माणसं वाडीवर येऊन काय बोलतात ते मी ऐकलं आहे. ‘आम्ही मेलो का?’ हा पहिला प्रश्न असतो.

कायदा मात्र त्यांच्या बाजूने आहे आणि तो फार कमी लोकांनी वाचलेला असतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात ‘सर्वसाधारण रहिवासी’ कोणाला म्हणायचं ते सांगितलं आहे. तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचा रहिवास संपत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पोटासाठी सहा-सात महिने भट्टीवर गेलेलं कुटुंब पावसाळ्यात त्याच कुडाखाली परत येणार असेल, तर ते वाडीचंच रहिवासी. या कलमाची झेरॉक्स मी पिशवीत ठेवते. निवडणूक शाखेत वाद झाला की ती टेबलावर ठेवायची आणि बोलायचं. कागदाला कागद दिला की समोरचा माणूस थांबून वाचतो, हा अनुभव मला कितीतरी वेळा आला आहे.

म्हणून आम्ही कामाचा हंगामच बदलला. लावणी उरकली की श्रावणात वाड्या भरलेल्या असतात. संध्याकाळी माणसं घरी सापडतात. आषाढ ते गौरी-गणपती या दिवसांत जितकी नावं चढतील तितकी चढवायची, आणि दिवाळीपूर्वी प्रत्येक घराचा ठावठिकाणा यादी तपासणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, लेखी द्यायचा: हे कुटुंब अमुक महिन्यात अमुक ठिकाणी कामाला जाणार, मेअखेर परत येणार. २०२२ पासून वर्षात चार अर्हता दिनांक झाले, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. शहरात या बदलाची कुणी फारशी दखल घेतली नसेल. आमच्यासाठी तो मोठा होता. ऑगस्टात अठरा पूर्ण झालेली मुलगी १ ऑक्टोबरच्या तारखेत बसते आणि ट्रक यायच्या आधी तिचा फॉर्म मार्गी लागतो.

अठरा पूर्ण झाली हे ठरवायचं कसं, ही निराळीच गोष्ट. जन्म घरी झालेला, शाळा चौथीत सुटलेली. आधारवर बहुतेकांची तारीख १ जानेवारी किंवा १ जून. मग आम्ही पूर विचारतो. नागोठणं, रोहा, सुधागड या पट्ट्यात जुलै १९८९ चा पूर माणसांच्या आठवणीत कोरलेला आहे. आंबा नदीने जांभूळपाडा धुऊन नेला तो हा पूर. ‘तेव्हा मी पाळण्यात होतो’ म्हणणारा माणूस किती वर्षांचा ते लगेच कळतं. तरुणांसाठी २००५ चा जुलै. ‘त्या पुरात मी पोटुशी होते, ही त्यानंतर झाली’ असं आई सांगते, आणि मुलगी समोर बसून पहिल्यांदाच आपल्या जन्माची गोष्ट ऐकत असते. फॉर्मवर पूर लिहिता येत नाही. पण पुराच्या आधाराने अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरात नेमकं कुठलं पान उघडायचं ते समजतं, आणि कित्येकदा नोंद सापडतेसुद्धा.

नावाचा घोळ त्याहून मोठा. वाघमारे, पवार, जाधव, हिलम, मुकणे ही मोजकी आडनावं. एका वाडीत एकाच नावाच्या दोन बायका असतात आणि दोघींच्या नवऱ्यांची नावंही एकच निघतात. यादीत त्यातली एक ‘दुबार’ म्हणून कापली जाते. दोघी जिवंत असतात, शेजारी राहतात, एकाच हापशावर पाणी भरतात. अशा वेळी दोघींना एकत्र तहसीलला न्यावं लागतं. साहेबांसमोर दोघी उभ्या राहिल्या की मग शंका राहत नाही. बाईच्या नावाचा हा प्रश्न आपल्या लोकशाहीइतकाच जुना आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या बनत होत्या तेव्हा अनेक बायकांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं आणि देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीत आली नाहीत. निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका स्वतःचं नाव सांगायला लागल्या. त्याच १९५२ च्या निवडणुकीत आमच्या भागातल्या कुलाबा मतदारसंघातून चिंतामणराव देशमुख निवडून गेले. त्या वेळी आमच्या वाड्यांवरच्या किती बायकांची नावं यादीत होती हे मला जाणून घ्यायला आवडेल.

पत्ता हा सगळ्यांत अवघड भाग. पुष्कळशा कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. तीन पिढ्या घर तिथेच, सातबारा दुसऱ्याचा. ग्रामपंचायतीत घरपट्टी लावायला गेलं की जमीनमालक हरकत घेतो, कारण आज घरपट्टी लागली तर उद्या हे जागेवर हक्क सांगतील अशी त्याला भीती. घरपट्टी नाही म्हणून घर क्रमांक नाही, आणि यादीत घर क्रमांकाच्या रकान्यात शून्य. पण इथेही नियम गरिबाला वाट देतो. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. बीएलओने रात्री त्या जागी जाऊन तो माणूस तिथे झोपतो का ते पाहायचं, बस.

असं एकदा प्रत्यक्ष करून घेतलं. रोह्याकडच्या एका वाडीवर बीएलओ म्हणून अंगणवाडीच्या बाई होत्या. दिवसभर पोषण आहार, वजनं, रजिस्टरं, आणि वर हे काम. रात्री नऊला त्या छत्री घेऊन आल्या, मी टॉर्च धरला. चिखलातून वर चढलो. एका खोपटात म्हातारी आणि तिची नात. कोपऱ्यात चूल, वर वाळत घातलेली लाकडं, आढ्याला टांगलेलं मासळीचं जाळं, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, ‘आजी, तुम्ही रात्री इथंच झोपता ना?’ म्हातारीने गोधडी उचलून खालची जागा दाखवली आणि म्हणाली, ‘बाई, चाळीस पावसाळं इथंच झोपलेय. तुला कुणी सांगितलं मी जाणार हाय?’ बाईंनी तिथेच मोडक्या खुर्चीवर बसून फॉर्म भरला. जमिनीवर बसलेल्या त्या म्हातारीचा फोटो माझ्या मोबाइलवर काढला, कारण पासपोर्ट फोटो तिने आयुष्यात काढलेला नव्हता. पुढल्या आठवड्यात बाई पुन्हा रात्री त्या वाडीवर गेल्या, या वेळी एकट्या. अशा बायका आहेत म्हणून यादी उभी आहे, हे मी ठिकठिकाणी सांगते.

वाड्यांवरच्या तरुण मुलांची शिबिरं आम्ही घेतो. तिथे मी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याची गोष्ट सांगते. फॅनी लू हेमर ही कापसाच्या मळ्यावर राबणारी काळी बाई. ऑगस्ट १९६२ मध्ये गावातल्या काही जणांबरोबर बसमधून ती नाव नोंदवायला गेली. तिच्यापुढे राज्यघटनेतलं एक कलम ठेवलं आणि त्याचा अर्थ लिही म्हणून सांगितलं. चाचणी अशी ठेवलेली की काळ्या माणसाने उतरूच नये. घरी आली तर मळ्याचा मालक दारात. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षं ती तिथे राबली होती. त्याच रात्री तिने मळा सोडला.

एका शिबिरात ही गोष्ट झाल्यावर मागे बसलेल्या मुलाने विचारलं, ‘ताई, तिनं बयाणा घेतला नव्हता का?’

हा प्रश्न पुस्तक वाचणाऱ्याला सुचणार नाही. भट्टीवर जाणारं जोडपं पावसाळ्यातच मालकाकडून बयाणा उचलतं. आजारपण, लग्न, घराचा पत्रा, सगळं त्यातून. हंगामभर हजार विटांमागे दर ठरलेला असतो, आठवड्याला खर्ची मिळते आणि शेवटच्या हिशेबात बयाणा फिटला नाही तर पुढचं वर्षही त्याच भट्टीवर. बयाणा अंगावर असताना मालकाला नाही कसं म्हणायचं, हे त्या मुलाला समजून घ्यायचं होतं. मी त्याला सांगितलं की हेमरच्या नवऱ्याला हंगाम संपेपर्यंत मळ्यावरच राहावं लागलं आणि त्यांचं बरंचसं सामान मालकाने ठेवून घेतलं. मुलगा म्हणाला, ‘म्हणजे आमच्यासारखंच.’ त्यानंतर बराच वेळ शिबिरात मताची चर्चा झाली नाही, हिशेबाच्या वहीची झाली. ती व्हायलाच हवी होती.

अमेरिकेतलंच दुसरं उदाहरण मला जास्त उपयोगी वाटतं. साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स बेटावर १९५७ मध्ये सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने प्रौढांचा एक वर्ग सुरू झाला, सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. शिकवायला बर्निस रॉबिन्सन होत्या. त्यांचा व्यवसाय केशभूषेचा, शिक्षिका म्हणून त्यांनी कधी काम केलं नव्हतं. मनीऑर्डरचा फॉर्म, दुकानाची मागणीपत्रं यांवरून त्या वाचायला शिकवायच्या, आणि त्यातूनच मतदानाच्या चाचणीपर्यंत पोचायच्या. पुढे असे नागरिकत्वाचे वर्ग दक्षिणेत जागोजागी निघाले. १९६५ चा मतदान हक्क कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला, पण त्याचा पाया अशा मागच्या खोल्यांमध्ये घातला गेला. आम्हीही आता वाडीवर रेशनकार्ड, खर्चीची चिठ्ठी आणि मतदार यादीचं पान या तिन्हींवरून वाचायला शिकवतो. स्वतःचं नाव छापील यादीत बोटाने शोधता आलं की माणूस पुढच्या वेळी माझी वाट बघत नाही.

आपल्याकडे साक्षरतेची अट पहिल्या दिवसापासून नव्हती आणि यादी बनवायची जबाबदारी सरकारने स्वतःवर घेतली, हे आपल्या घटनाकारांचं मोठेपण आहे. अमेरिकेत नाव नोंदवायचा भार आजही बहुतांशी नागरिकावरच आहे. ओहायो राज्यात तर दोन वर्षं मत न देणाऱ्याला कार्ड पाठवतात. त्याने उत्तर दिलं नाही आणि पुढची चार वर्षं मत दिलं नाही, तर नाव काढतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ही पद्धत ग्राह्य धरली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाडीवरची तारेचा आकडा लावलेली दारं दिसली. उत्तर आलं नाही किंवा दार उघडलं नाही, म्हणून माणूसच नाही असं धरायचं. गरिबाचं मत असंच जातं, कुणी बंदूक न रोखता.

नाव टिकलं तरी मतदानाच्या दिवशी माणूस इथे असला पाहिजे. २०२४ ची लोकसभा रायगडात ७ मे रोजी होती, भट्ट्या जोरात चालू असतानाच. रोजंदारीवरच्या मजुरालाही मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी लागते, असं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं १३५ ‘ब’ कलम सांगतं. पण हजारी दरावर काम करणाऱ्याची सुट्टी कशी मोजणार? भट्टीवाले म्हणतात, एक दिवस गेला तर जोडप्याच्या हजार विटा गेल्या. मग पक्षांच्या गाड्या येतात. उमेदवाराने मतदारांना फुकट ने-आण करणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. कायद्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. ज्याच्या गाडीतून आलात, त्याला मत देऊनच उतरावं लागतं. त्या मेमध्ये काही वाड्यांनी भट्टीवरच वर्गणी काढून टेम्पो केला. उन्हातान्हात लेकरं घेऊन आले, मत दिलं, त्याच टेम्पोने परत गेले. दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. त्यांच्या या एका मताची किंमत मी शहरातल्या कुठल्याही मतापेक्षा जास्त मानते.

विधानसभेचं मतदान त्याच वर्षी २० नोव्हेंबरला आलं, भाऊबीज होऊन जेमतेम पंधरवडा उलटलेला. या वेळी बायकांनीच ठरवलं की बोटाला शाई लागल्याशिवाय ट्रकमध्ये पाय ठेवायचा नाही. मुकादमांनी कटकट केली, काहींनी बयाण्याची आठवण करून दिली. पण एकाच वाडीतली सगळी जोडपी थांबली तर ट्रक कुणाला घेऊन जाणार? बहुतेक ठिकाणी ट्रक थांबले. काही ठिकाणी थांबले नाहीत, आणि ती माणसं गेली.

मताने मिळतं काय, असं मला पेणच्या बाजारपेठेतले सुशिक्षित लोक विचारतात. त्यांना मी २००८ सालाची आठवण करून देते. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची का, यावर २१ सप्टेंबरला प्रशासनाने शेतकऱ्यांचं जनमत घेतलं. सेझच्या प्रश्नावर देशात असं पहिल्यांदाच होत होतं. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन, वैशाली पाटील आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी त्याआधी दोन-तीन वर्षं मोर्चे, उपोषणं, ग्रामसभांचे ठराव करून तो दिवस खेचून आणला होता. शेतकऱ्यांनी नकाराचा कौल दिला आणि पुढे तो प्रकल्प इथे उभा राहिला नाही. आजही वडखळच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसतात, त्यात त्या नकाराचा वाटा आहे.

पण त्या दिवशी मतपत्रिका खातेदाराच्या हातात होती. ज्याचा सातबारा त्याचं मत. त्याच शेतांच्या बांधाला राहणारा, त्याच खाडीत मासे पकडणारा, लावणी-कापणीला त्याच चिखलात उतरणारा कातकरी त्या प्रश्नावर विचारला गेला नाही. जमीन गेली असती तर तोही उठला असता, नुकसानभरपाईशिवाय. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही, त्याच्याकडे बोलायला एकच कागद उरतो आणि तो म्हणजे मतदार यादी. त्यातूनही त्याला वगळलं तर तो कुठेच नाही.

ग्रामपंचायतीत हे सगळ्यांत लवकर दिसतं. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडली जाते. वाडीची नावं नीट चढली, की प्रभागात वाडीचं वजन बदलतं. एका वाडीवर वर्षानुवर्षं पाण्याची टाकी मागून मिळत नव्हती. नावं चढल्यावर झालेल्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलचे उमेदवार पहिल्यांदाच नाला ओलांडून वर आले. बायकांनी त्यांना चहा दिला नाही, आधी हापसा दाखवला. टाकी झाली. रस्ता अजून नाही. रायगड पाचव्या अनुसूचीत येत नाही, म्हणून आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचं बळ इथल्या वाड्यांना नाही. कातकरी राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक असूनही जागा आरक्षित होते तेव्हा जातवैधतेच्या कागदांअभावी उमेदवार अडतो. त्यासाठी आणखी वेगळी धावपळ चालू आहे.

सध्या माझं लक्ष वगळलेल्या नावांवर आहे. २०२५ मध्ये बिहारात मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, तेव्हा प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. ती नावं कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला दिला. कारण लिहा आणि लोकांना दिसेल असं लावा, हे मागणं आम्हीही निवडणूक शाखेत करत आलो आहोत. ‘स्थलांतरित’ या शेऱ्याला माणूस उत्तर देऊ शकतो, पण तो शेरा त्याला आधी दिसायला हवा, आणि तो वाडीवर असताना दिसायला हवा. म्हणून या पावसाळ्यात प्रत्येक वाडीच्या दोन-तीन मुलामुलींनी आपापल्या यादीभागाची प्रत घेऊन घरोघर जायचं ठरवलं आहे. मयत कोण, लग्न होऊन गेलेली कोण, आलेली कोण, उडालेलं नाव कुणाचं. हेमरच्या बयाण्याबद्दल विचारणारा तो मुलगा त्यांच्यात आहे. ट्रक यायच्या आधी त्यांचे सगळे अर्ज तहसीलला पोचले पाहिजेत आणि प्रत्येकाची पोच हातात पाहिजे.